सदतीस अंश सेल्सिअस, ठाणे-बेलापूर रोड

सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी एकोणीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. टी.वाय.च्या मुलांचा दरवर्षी एकच प्रश्न असतो, "मॅडम, बी.एस्सी. झाल्यावर पुढं काय?" बायोटेकमध्ये नोकऱ्या आहेत, नवी मुंबईकडं बघा, असं मी इतकी वर्षं सांगत आले. पण तिथं नेमकं काम काय असतं, हात कशाला लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या गावाचा रस्ता दुसऱ्याला सांगणं बरोबर नाही, म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस काढले. माझे तीन विद्यार्थी त्या पट्ट्यात आहेत. त्यांच्या नोकऱ्यांचा विचार करून इथं नावं लिहीत नाही; रबाळ्याची, तुर्भ्याचा आणि खारघरची, एवढंच म्हणते.

दिवस पहिला : ठाणे

पहाटे साडेपाचला माजिवड्याला उतरले. नणंद कोलशेत रोडला बाविसाव्या मजल्यावर राहते. तिचे यजमान, आमचे भावोजी, ठाण्यातल्याच एका औषध कारखान्यात एकतीस वर्षं ऑपरेटर होते. चहाचा कप घेऊन त्यांनी मला गॅलरीत नेलं आणि बोटानं दाखवायला लागले. या बाजूला क्लॅरियंट होती, तिकडं बायर. दोन्ही जमिनी निवासी संकुलांना गेल्या. ग्लॅक्सोची साठ एकरही २०१७ नंतर अशीच ५५५ कोटींना घरबांधणीला गेली. बायरचं मुख्य कार्यालय अजून ठाण्यात आहे, पण कारखान्याचा भोंगा नाही. "पूर्वी भोंग्यावर घड्याळ लावायचो, आता लिफ्टच्या आवाजावर उठतो," भावोजी म्हणाले आणि बराच वेळ तिकडंच बघत राहिले.

ठाण्याला औषधं आणि रसायनं नवी नाहीत. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली तेव्हा तिची पहिली औद्योगिक वसाहत इथंच, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. खाडीपलीकडची टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक, ही वसाहतही त्याच दशकातली. बारवी धरणाचं पाणी, वीज आणि मुंबईची बाजारपेठ, सगळं हाताशी होतं. मागून वाशीचा पूल आला, मग न्हावाशेव्याचं बंदर, मग ऐरोलीचा पूल. पुलापलीकडं तुर्भ्याला बीएआरसी, पवईला आयआयटी, माटुंग्याला रासायनिक तंत्रज्ञानाची जुनी संस्था. (हे तुर्भे म्हणजे मुंबईतलं ट्रॉम्बे; नवी मुंबईतलं तुर्भे वेगळं. दोन दिवस माझाही गोंधळ होत होता.) जैवतंत्रज्ञान या पट्ट्यात आभाळातून पडलेलं नाही. वाफ, व्हॉल्व्ह, टाकी आणि तीन पाळ्या अंगवळणी पडलेली माणसं इथं आधीपासून होती.

दुपारी भावोजींना घेऊन लुईसवाडीला गेले. अॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज या कंपनीचं मुख्यालय तिथं आहे. १९८९ ची कंपनी, २०१६ मध्ये शेअर बाजारात आली, कारखाना सिन्नरला. आत जायचं नव्हतंच. पण सूज उतरवण्याच्या गोळीतलं सेराशिओपेप्टिडेज हे एन्झाइम ज्या मोजक्या घरांतून जगभर जातं, त्यांतलं एक घर सर्व्हिस रोडवरच्या ऑफिसात आहे, हे मला मुलांना सांगायचं होतं. आमच्याकडं पपईच्या बागा आहेत. कच्च्या पपईला चिरा देऊन चीक गोळा करतात, त्यातून पपेन निघतं, तेही एन्झाइमच. मुलं चीक ओळखतात, पपेन पुस्तकात वाचतात, आणि या दोन्ही गोष्टी एकच आहेत हे त्यांना कोणी जोडून दिलेलं नसतं. त्यात माझाही दोष आहे, हे मी तिथं फुटपाथवर उभी राहून कबूल केलं.

संध्याकाळी भावोजी एक वाक्य बोलले, ते चारही दिवस सोबत राहिलं. "आमच्या रिअॅक्टरला आम्ही उकळवायचो, वहिनी. हल्लीची पोरं म्हणतात, रिअॅक्टर सदतीस अंशावर ठेवायचा. म्हणजे माणसाच्या अंगाएवढा."

दिवस दुसरा : रबाळे

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल. दिघा गाव हे नवं स्टेशन, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेलं, मग ऐरोली, मग रबाळे. सकाळी आठला पुलावर नुसती ओळखपत्रांच्या फितींची गर्दी. रबाळ्याची मला घ्यायला आली होती. गावाकडं दोन वेण्या घालून वर्गात शेवटच्या बाकावर बसायची. आता नखं मुळापर्यंत कापलेली, कपाळावर टिकली नाही, हातात बांगडी नाही. मी बघतेय हे तिच्या लक्षात आलं. "मॅडम, टिकली आत चालत नाही. कुंकवाचे कण पडतात."

रबाळ्याला धीरूभाई अंबानी लाइफ सायन्सेस सेंटर आहे. रिलायन्स लाइफ सायन्सेसचं हे केंद्र या पट्ट्यातलं सगळ्यात मोठं नाव. रक्तातल्या प्लाझ्मापासून अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, हिमोफिलियाच्या रुग्णांना लागणारे गोठण-घटक आणि बायोसिमिलर, म्हणजे मूळ जैविक औषधाच्या तोडीची औषधं तिथं बनतात. बाहेरून बघितलं तर एक मोठं फाटक आणि झाडं. आमची पोरगी तिथं नाही. ती एका लहान कंपनीत आहे. तिच्या साहेबांनी मला पाहणीच्या काचेच्या मार्गिकेपर्यंत यायची परवानगी दिली, त्यांचे उपकार.

त्या काचेतून मी दीड तास बघत होते. सगळ्यात जास्त वेळ गाऊनिंग बघितलं, म्हणून तेच नीट लिहिते.

आत जाण्याआधी तीन खोल्या. पहिलीत बाहेरच्या चपला आणि कपडे जातात, कारखान्याचा सदरा-विजार येतो. मध्ये एक स्टीलचा बाक आडवा असतो. त्यावर बसायचं, एक पाय उचलून बूटकव्हर घालायचं आणि तो पाय थेट बाकाच्या पलीकडं ठेवायचा, मग दुसरा. अलीकडची जमीन मळकी, पलीकडची स्वच्छ. पाय चुकून परत अलीकडं टेकला की पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खोलीत हात कोपरापर्यंत धुवायचे, पहिले हातमोजे, डोक्याचा टोप, तोंडाची पट्टी. तिसऱ्या खोलीत निर्जंतुक अंगभर गाऊन. त्याची घडी अशी घातलेली असते की फक्त आतली बाजू हाताला लागते. तो उचलताना त्याचं कुठलंही टोक जमिनीला लागता कामा नये. ही उंचीनं पाच फूट. गाऊनचे दोन्ही पाय मनगटाशी गोळा करून, साडीच्या निऱ्या धरतात तसे धरून, तिनं एकेक पाय आत घातला. मग वरून दुसरे हातमोजे, चष्मा, अल्कोहोलचा फवारा. घड्याळ लावलं होतं मी : अकरा मिनिटं. काचेपलीकडं तिचे फक्त डोळे दिसत होते आणि त्यात ती मला ओळख देत होती.

ती अपस्ट्रीमला आहे, म्हणजे पेशी वाढवण्याच्या बाजूला. चिनी हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून १९५७ मध्ये वेगळ्या केलेल्या पेशींचे वंशज आज जगभरच्या कारखान्यांत औषधी प्रथिनं तयार करतात. सीएचओ पेशी म्हणतात त्यांना. द्रवनत्रात गोठवलेली एक कुपी उघडायची, लहान फ्लास्कमध्ये जागवायची, मग मोठा फ्लास्क, मग लहान टाकी, मग मोठी. आमच्या घरात विरजण वाढवत नेतात, त्याच रीतीनं. पेशी साधारण दिवसाला दुपटीनं वाढतात. शेवटच्या टाकीत त्यांना दोनेक आठवडे जगवायचं : सदतीस अंश, ठरलेलं आम्लमान, ठरलेला विरघळलेला ऑक्सिजन. साखर कमी पडली की द्यायची, फार ढवळलं तर त्या फुटतात, कमी ढवळलं तर खालच्या गुदमरतात. दर काही तासांनी नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायच्या, किती जिवंत, किती मेलेल्या.

"आणि जीवाणू शिरला तर?"

"वीस मिनिटांत दुप्पट होतो, मॅडम. पेशींना दिवस लागतो. तुम्हीच शिकवलंय."

गेल्या वर्षी त्यांची अकराव्या दिवसाची बॅच गेली. नमुना काढायच्या तोंडाशी वाफ पुरेशी वेळ दिली नव्हती, असं शेवटी निघालं. अख्खी टाकी किल टँकमध्ये सोडून, उष्णतेनं मारून, सांडपाण्यात. त्या रात्री नमुना हिनं काढला नव्हता, तरी ती रडली होती. "अकरा दिवस रोज बघत होतो ना," म्हणाली. तिच्या या वाक्यानं मला कळलं की ती या कामाला लागलीय.

पगाराचंही लिहायला हवं. ती लागली तेव्हा अठरा हजारांवर, कंपनीच्या नाही तर थर्ड पार्टीच्या पे-रोलवर. दोन वर्षांनी कायम झाली. तिच्याबरोबरच्या दोघी अजून झालेल्या नाहीत. ज्या हातांवर टाकीभर औषध अवलंबून आहे, ते हात कंत्राटावर ठेवणं मला पटत नाही, आणि ते मी तिच्या साहेबांना चहा पिताना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

रात्री तिच्या खोलीवर राहिले, घणसोली गावात. घरमालकीण आगरी, सत्तरीच्या पुढच्या, सगळ्या पोरी त्यांना आई म्हणतात. या घरामागं पूर्वी भातखाचरं होती आणि पलीकडं मिठागर. सिडकोनं नवी मुंबईसाठी पंचाण्णव गावांची जमीन घेतली. त्यापायी जासईजवळ जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या आंदोलनात पाच जण गोळीबारात गेले, तेव्हा कुठं विकसित भूखंडाची साडेबारा टक्क्यांची योजना मिळाली. या पट्ट्यातली प्रत्येक काचेची इमारत कोणाच्या तरी भाताच्या शेतावर उभी आहे. आईंचा नातू आयटीआय करून एका कारखान्यात वातानुकूलन यंत्रणेवर आहे. स्वच्छ खोलीतली हवा तोच स्वच्छ ठेवतो, हे त्या अभिमानानं दोनदा सांगत होत्या. वर सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी.

दिवस तिसरा : तुर्भे, वाशी

तुर्भ्याचा रात्रपाळीला असतो, म्हणून हा दिवस रात्रीच सुरू झाला. दुपारी झोपून घेतलं आणि अकराला तुर्भे एमआयडीसीत पोचले. तपासण्यांची ही मोठी प्रयोगशाळा. लांबलांबच्या गावांतून संध्याकाळी घेतलेले नमुने रात्री इथं उतरतात आणि सकाळी लोक उठायच्या आत अहवाल मोबाइलवर जातो. बारकोड वाचायचा, जांभळ्या टोपणाची नळी रक्तपेशींकडं, करड्या टोपणाची साखरेकडं, पिवळी सीरमची. सेंट्रिफ्यूजच्या घरघरीत माणसं खुणांनी बोलतात. मी त्याच्याजवळ उभी होते तेव्हा त्यानं एक नळी उचलून दिव्यासमोर धरली. सीरम गुलाबी दिसत होतं. "रक्त ओढताना घाई केलीय, पेशी फुटल्यात. यात पोटॅशियम खोटं वाढलेलं येणार." त्यानं ती बाजूला ठेवली, नोंद केली, पुन्हा नमुना मागवला. यंत्रानं ही नळी पकडलीच असती, पण त्यानं आधी पकडली. कुठल्या तरी गावातल्या कुठल्या तरी माणसाला चुकीच्या अहवालापायी दवाखान्यात धावावं लागलं नाही.

थायरोकेअर ही तपासण्यांची कंपनी याच तुर्भ्याची. बीएआरसीत थायरॉइडवर काम केलेल्या ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये ती काढली. थायरॉइडची तपासणी तेव्हा किरणोत्सारी आयोडीन वापरून होई, आणि ती विद्या बीएआरसीत होती. अशी एका संस्थेतून दुसरीकडं विद्या गेली की उद्योग वाढतो. सरकारी धोरणाचा कागद त्यानंतर येतो.

ही गोष्ट सकाळी वाशीला अजून स्पष्ट झाली. सेक्टर २० मध्ये ब्रिटचं, म्हणजे अणुऊर्जा विभागाच्या विकिरण आणि समस्थानिक मंडळाचं संकुल आहे. आत जाता येत नाही, येऊही नये. इथून देशभरच्या रुग्णालयांना किरणोत्सारी औषधं जातात. टेक्नेशियम-९९एम घ्या. त्याचं अर्धायुष्य सहा तास. सकाळी सहाला जितकं, त्याच्या निम्मं दुपारी बाराला. ते कपाटात साठवताच येत नाही. म्हणून त्याची आई, ६६ तास अर्धायुष्याचं मॉलिब्डेनम, शिशाच्या भांड्यात घालून पाठवतात आणि रुग्णालयात रोज तिच्यातून टेक्नेशियम धुऊन काढतात. थायरॉइडच्या कर्करोगावरचं आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. शिकवताना हा फळ्यावरचा वक्र होता. आता मला गेटमधून बाहेर पडणारी गाडी दिसते आणि तिच्यात वाटेवरच सरत चाललेलं औषध. रस्ता, विमानतळ, वेळ पाळणारा ड्रायव्हर, हेसुद्धा जैवशास्त्राच्या उद्योगाचे अवयव आहेत.

जवळच एपीएमसीचा मसाला बाजार. वाशीच्याच संकुलात २००० सालापासून मसाल्यांना कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून नेऊन जंतुमुक्त करतात. तिखटाच्या पोत्यांजवळून जाताना शिंका आल्या. दोन किलो ब्याडगी घेतली.

दिवस चौथा : खारघर

बेलापूरहून मेट्रो. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली, बेलापूर ते पेंधर अकरा स्टेशनं. सेंट्रल पार्कला खारघरची स्कूटर घेऊन उभी होती. ती अॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारकाच्या कर्करोग संशोधन केंद्रात, संशोधन करते, पीएच.डी.चं तिसरं वर्ष.

टाटा स्मारक केंद्राचं हे आवार साठ एकरांचं. मुळात १९५२ मध्ये परळला सुरू झालेलं कर्करोग संशोधन केंद्र. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर, भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया घालणारे. २००२ मध्ये संशोधन खारघरला आलं. इथल्या एका इमारतीचं नाव खानोलकर शोधिका आहे. 'शोधिका' हा शब्द मला फार आवडला, वहीत लिहून घेतला. प्रोटॉन उपचाराचं केंद्र २०२३ पासून इथंच आहे.

पण मी आले होते ती टी-पेशींसाठी. रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढायच्या. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवर एक जनुक देऊन त्यांच्यात सोडायचं, म्हणजे कर्करोगी बी-पेशीवरची सीडी-१९ ही खूण त्यांना ओळखू येते. मग या शिकवलेल्या पेशी वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. आयआयटी मुंबईत डॉ. राहुल पुरवार यांच्या गटानं आणि टाटा स्मारकानं मिळून हे उभं केलं. भारतातला असा पहिला उपचार ४ जून २०२१ ला याच आवारात झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये नेक्सकार-१९ या नावानं त्याला मान्यता मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. ते बनवणाऱ्या इम्युनोअॅक्ट कंपनीची प्रयोगशाळा नवी मुंबईतच आहे. इथं बॅच म्हणजे एक माणूस. रबाळ्याची बॅच गेली तर नवी कुपी उघडता येते. इथं गेली तर त्या रुग्णाच्या अंगात पुन्हा पेशी काढण्याइतकी ताकद असेलच, असं नाही.

झाडाखाली बाकावर एक गृहस्थ बसले होते, सोलापूरकडचे. मुलगा नऊ वर्षांचा, रक्ताचा कर्करोग, केमो चालू. मी शिकवते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, ते पेशींचं नवीन औषध आमच्या पोराला लागतं का?" मला उत्तर देता येईना. खारघरची त्यांच्या शेजारी बसली. म्हणाली, "काका, मी डॉक्टर नाही, डॉक्टरांना विचाराच. पण ते औषध आजार उलटला, बाकी उपायांना दाद देईना, तर असतं. लहान मुलांचा हा आजार पुष्कळदा पहिल्या उपचारानंच आटोक्यात येतो. आत्ता चाललंय ते पूर्ण करणं महत्त्वाचं. एकही तारीख चुकवू नका." काकांनी मान हलवली. किंमत त्यांनी विचारली नाही. मीच नंतर तिला विचारली : परदेशातल्याच्या साधारण दहावा हिस्सा, तरी तीस-चाळीस लाखांच्या घरात. दहावा हिस्सा ही मोठीच मजल आहे, आणि सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते अजून अख्खं शिवार आहे. किंमत आणखी खाली यायची तर हे काम निर्दोष करणारे हात पुष्कळ हवेत, आणि ते हात आमच्यासारख्या कॉलेजांतूनच येणार आहेत.

परतताना तिनं तळोज्याकडं हात दाखवला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथं रंगानं निळी झालेली कुत्री फिरताना सापडली होती, कासाडी नदीचं पाणी तर त्याआधीपासून बिघडलेलं. पेशींचे कारखाने आपलं सांडपाणी मारून सोडतात हे खरं, पण औषधांसाठी लागणारी द्रावणं आणि क्षार कुठंतरी बनतातच. नव्या उद्योगानं जुन्याच्या नदीकडं पाठ फिरवू नये, असं मला वाटतं. ती गप्प होती, मग म्हणाली, "पीएच.डी. झाल्यावर मी त्यावर काम करू का, मॅडम?" कर म्हटलं.

संध्याकाळी कळंबोलीला सांगलीची बस. रबाळ्याची पाळी संपवून धावत आली, हातात पुठ्ठ्याचा खोका. मुदत संपलेले निर्जंतुक गाऊन कंपनी टाकून देते. हिनं क्यूएकडून, म्हणजे गुणवत्ता विभागाकडून, लेखी परवानगी काढली, गेट पास केला आणि बारा पाकिटं आणली. प्रत्येकावर तिच्या अक्षरात लाल मार्करनं : 'फक्त प्रशिक्षणासाठी'. "मॅडम, आम्हाला पहिले दोन महिने फक्त हेच जमत नव्हतं. मी तीनदा नापास झाले होते गाऊनिंगला."

कंडक्टरनं खोका वर ठेवायला सांगितलं. मी मांडीवरच घेतला. बारा गाऊन, एकोणतीस मुलं. एक गाऊन दोघातिघांत, वापरून पुन्हा तशीच घडी घालायची. आडव्या बाकाला प्रयोगशाळेतलं जुनं टेबल कापून घेता येईल, सुतार ओळखीचा आहे. बूटकव्हर नाहीत, त्याऐवजी दुधाच्या पिशव्या आणि रबर. खोपोली मागं पडेपर्यंत वहीत गट पाडून झाले होते. पहिल्या गटात शेवटच्या बाकावरच्या मुली.